मोर नंतर बघ, आधी घरं मोज

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या चादरीच्या कारखान्यात नवा पोरगा आला की नक्षी घराघरांत रंगवलेल्या ग्राफच्या कागदावर आधी मोर शोधतो. मी म्हणतो, मोर कुठं पळत नाही, घरं मोज.

उभी ओळ ताण्याच्या, म्हणजे कापडाच्या लांबीच्या धाग्याची, आडवी बाण्याच्या, म्हणजे रुंदीच्या. जुन्या जकार्डवर (नक्षीसाठी ठराविक धागे उचलणारं मागावरचं यंत्र) रंगवलेलं घर म्हणजे पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक; भोक असलं की हूक उचलला जातो, ताणा वर येतो. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं प्रमाणाचं, आणि तिथंच शिकलेले लोकही गडबडतात. इंचात ताण्याचे 40 धागे आणि बाण्याचे 32 असतील, तर चौरस घरांवर काढलेला गोल मागावरून अंड्यासारखा उभट उतरतो. म्हणून ग्राफ त्याच हिशेबाचा घ्यायचा: आडवी 10 घरं, तेवढ्याच जागेत उभी 8. कॉम्प्युटरच्या चौरस ठिपक्यांत मात्र हाच मोर बसका दिसतो. गिऱ्हाईक फोटो बघून घाबरतं, "अहो, हा तर कोंबडा झाला!"

म्हणून मी हल्ली स्क्रीनवरचा फोटो पाठवतच नाही. वीतभर नमुना विणून देतो. मालकांना तो खर्च वाटतो, वाटू दे.