नाव काय दिलं होतं?

परवा आप्पांचा फोन. "तो जुना सातबारा तुझ्या कॉम्प्युटरवर आहे ना, जरा पाठव." आहे म्हणजे आहेच, मीच स्कॅन केला होता, आणि महाभूलेखवरून नवा निघतो हे मलाही माहितीय हो, पण या कागदाच्या कडेला आप्पांनी पेनाने लिहून ठेवलंय की बांध कुठून कुठपर्यंत, ते कुठून डाउनलोड करू.

आता फाइलला नाव काय दिलं होतं? गाव नमुना 7 आणि 12 म्हणून 7/12, पण विंडोज फाइलच्या नावात तो तिरका दांडा घेतच नाही. म्हणजे मी 7-12 केलं असणार, नाहीतर नुसतं 712, नाहीतर इंग्रजीत सातबारा, त्यात परत ए एक की दोन.

सर्चमध्ये *7*12* टाकलं. स्टार म्हणजे मधे काहीही चालेल, कितीही चालेल. कॉम्प्युटरने ते फारच मनावर घेतलं आणि 20170712 नावाचे ढीगभर फोटो आणून टाकले, सात पण आहे, बारा पण आहे, चूक काय त्याची. ताम्हिणीच्या पावसात मी, तेव्हा केस होते. दहा मिनिटं त्यातच गेली. मग स्टारऐवजी प्रश्नचिन्ह, *7?12*, ते एकाच अक्षरापुरती जागा धरतं. फोटो गेले, 27-12 तारखेचं एक लाईट बिल तेवढं आलं.

शेवटी एव्हरीथिंग नावाचं फाइल शोधायचं सॉफ्टवेअर उघडलं. विंडोजचा नेहमीचा सर्च (इंडेक्स नसेल तर) गावात घरोघरी कडी वाजवत फिरतो, हे मात्र थेट पंचायतीचं रजिस्टर बघतं, म्हणजे डिस्कवर सगळ्या फाइल्सची जी मास्टर फाइल टेबल नावाची यादी असते तीच वाचतं, त्यामुळे अक्षर टाइप करेपर्यंत उत्तर हजर. पण नाव तर आपल्यालाच सांगावं लागतं ना.

आप्पांनाच विचारलं. "अरे तू विचारलंस काय नाव देऊ, मी म्हटलं जमीन लिही."

मराठीत 'जमीन' टाइप केलं. शून्य. वैतागून बॅकस्पेस दाबत सुटलो, न गेला, तरी शून्य, मग नुसती वेलांटी गेली (कॉम्प्युटरच्या हिशेबात ती वेगळं अक्षर), 'जम' उरलं आणि खाली दोन फाइल्स टपकल्या, एक 'जमाखर्च 2019' आणि दुसरी 'जमिन आप्पा'.

लगेच व्हॉट्सअॅपवर पाठवली. आप्पा रिटायर्ड मराठीचे मास्तर. दोन मिनिटांनी रिप्लाय आला, "मिळाला. मी दीर्घ."