नववीचा व्हिडिओ, दहावीचं पोरगं

"सर, ह्ये नववीचं हाय."

मागच्या बाकावरून आवाज आला आणि अख्खा वर्ग हसला. टीव्हीवर पुण्याकडचे कुणी एक सर फळ्यासमोर उभे होते. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'इयत्ता नववी – धाराविद्युत'. आणि समोर बसलेली माझी पोरं दहावीची, तीन-चार महिन्यांत एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या बोर्डाला बसणारी. बोलणारा पोरगा हसत नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं, की सरांनी आपल्याला एक इयत्ता खाली ढकललं.

त्याला काय सांगणार? मीच व्हिडिओ चालू करताना ती इयत्तेची पाटी कापून पुढे न्यायला विसरलो होतो.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पुढं एका मराठी हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवतो. आमचं पुस्तक कर्नाटकाचं, पण मराठीतलं. विज्ञानाचे धडे एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या अभ्यासक्रमाच्या चौकटीतले, त्यामुळं विजेचा ओहमचा नियम आमच्याकडं दहावीत येतो. महाराष्ट्रात तोच नियम नववीत, तिसऱ्या धड्यात. गुरुत्वाकर्षणाचं नेमकं उलटं. आमच्याकडं नववीत, त्यांच्याकडं दहावीच्या पहिल्या भागात पहिलाच धडा. प्रकाश आमच्या दहावीत एकत्र आहे. त्यांनी परावर्तन नववीत उरकलंय आणि अपवर्तन दहावीला ठेवलंय. आता मराठीत विज्ञान समजावणारा व्हिडिओ शोधायला गेलं, की सापडतो तो महाराष्ट्राच्या पुस्तकावर बेतलेला. त्यात कुणाची चूक नाही. करणाऱ्यानं आपल्या पोरांसाठी केलाय. आमची पोरं त्याच्या हिशेबात कशाला असतील?

शिवाय आमची शाळा मेअखेरीस-जूनच्या सुरुवातीला उघडते, त्यांची जूनच्या मध्यावर. आमची मोठी सुट्टी दसऱ्याला, त्यांची दिवाळीला. म्हणजे 'या आठवड्याचा धडा' म्हणून आलेलं काहीही आमच्या आठवड्यात बसत नाही.

हे कळायला मला २०२० साल लागलं. त्याआधी मी खडू-फळ्याचा माणूस. मोबाईल म्हणजे मुलीचे फोटो आणि शिक्षकांच्या ग्रुपवरची गुलाबाची फुलं.

लॉकडाऊनमध्ये पहिला व्हिडिओ स्वतः केला. घरातल्या दारावर खडूनं लिहिलं, फोन डब्यांच्या चळतीवर टेकवला आणि चौदा मिनिटं बोललो. मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या. फाईल एवढी मोठी झाली, की आमच्या गावातून ती वर चढायलाच रात्र गेली. पोरांच्या फोनवर उतरली ती दोघांच्या. त्यातल्या एकानं कळवलं, "सर, व्हिडिओ आडवा हाय, मान दुखतीया."

मग व्हिडिओ सोडला आणि नुसता आवाज पाठवायला लागलो. तीन मिनिटांचा, चार मिनिटांचा. हे मात्र चाललं. देवळामागच्या दगडावर रेंज यायची, तिथं एकानं उतरवून घ्यायचं आणि बाकीच्यांना फोनवरून फोनवर द्यायचं. एक पोरगा म्हशी राखताना ऐकायचा. एका आईनं वाटेत थांबवून सांगितलं, "सर, मी बी ऐकतो रोज, भाकरी करताना. आमच्या वेळंला आसलं नव्हतं." (आमच्याकडच्या बायका 'ऐकतो', 'जातो' असंच म्हणतात. पुण्याच्या नातेवाइकांना हसायला येतं. येऊ दे.) त्या ऑगस्टात कर्नाटक सरकारचं विद्यागम, म्हणजे शाळेनंच पोरांच्या गावात जायचं, सुरू झालं, आम्ही मास्तर मंडळी गावोगाव जाऊन समाजमंदिरात, झाडाखाली बसायला लागलो, ऑक्टोबरात ते थांबलं आणि जानेवारी २०२१ मध्ये परत सुरू झालं. त्या मधल्या महिन्यांत पोरांचा आणि माझा जो काही धागा राहिला, तो त्या आवाजाच्या फायलींचा.

शाळा परत भरली, तेव्हा गोव्यात नोकरी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून त्रेचाळीस इंची टीव्ही दिला. एचएम (हेडमास्तर) सरांनी नारळ फोडला, फोटो काढले आणि किल्ली माझ्याकडं दिली. किल्ली टीव्हीची नव्हे, ज्या खोलीत तो ठेवला तिची. तिथून माझी खरी शोधाशोध सुरू झाली.

आधी पुस्तकातलाच चौकोनी कोड स्कॅन केला. विजेच्या धड्यावरचा व्हिडिओ उघडला तो कन्नडमधून. माझं डोकं तापलं. मराठी माध्यमाचं पुस्तक, त्यातला कोड, आणि आत कन्नड! वर्गात बोललोही तसं, जरा जास्तच. तर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, बघूया की. कळतंय."

तिचं आजोळ कित्तूरकडं. घरात आईशी कन्नड, बाबांशी मराठी. आम्ही तो व्हिडिओ थांबवत थांबवत बघितला, आणि मला माझीच लाज वाटली. 'विभवांतर' आम्ही म्हणतो तेच ते म्हणतात. 'रोध', म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, तोही रोधच. बलाला 'बल'. राहिलं काय, तर वाढतं आणि कमी होतं. त्याला पोरीनं भाषांतर करायची गरजच पडली नाही, कारण खानापूरच्या बाजारात भाजी घेताना 'हेच्चू' (जास्त) आणि 'कडिमे' (कमी) हे शब्द आमच्या सगळ्यांना लागतात. "रोध हेच्चू, प्रवाह कडिमे!" एकानं ओरडून सांगितलं, आणि पुढचा आठवडाभर पोरं मधल्या सुट्टीत तेच ओरडत होती. ओहमसाहेबानं १८२७ मध्ये जे छापलं, ते इतक्या थोडक्यात मला वीस वर्षांत सांगता आलं नव्हतं.

सगळीकडं असं जमत नाही, हेही खरं. आमची 'चाल' (स्पीड) त्यांच्याकडं 'जव' होते. पोरांना वाटलं धान्याचं काहीतरी चाललंय. आणि त्वरणाला कन्नडमध्ये 'वेगोत्कर्ष' म्हणतात. मला तर तो शब्द आपल्यापेक्षा बरा वाटला. ऐकला की वेग वाढतोय असं कानालाच कळतं. पण परीक्षेत 'वेगोत्कर्ष' लिहिलं तर मराठीचा पेपर तपासणारा काय करेल सांगता येत नाही, म्हणून फळ्यावर दोन्ही लिहितो आणि 'त्वरण'च्या खाली रेघ मारतो. कोड मराठी पुस्तकात मराठीच हवा, ही माझी तक्रार अजून तशीच आहे. फक्त आता ती पोरांसमोर करत नाही.

यानंतर सापडलं ते फेट. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वीमन या नोबेल मिळवलेल्या प्राध्यापकानं सुरू केलेलं काम. पडद्यावर करून बघायचे प्रयोग, फुकट, आणि त्यातले कितीतरी मराठीतसुद्धा. मला सगळ्यात मोठी गोष्ट ही, की एकेक प्रयोग फाईल म्हणून उतरवून घेता येतो. बेळगावला गेलो तेव्हा पाहुण्यांच्या घरचं वायफाय वापरून दहा-बारा फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. मग गावात नेट असो नसो.

विजेच्या जोडणीचा प्रयोग टीव्हीवर लावला. बॅटरी ओढून आणायची, वायर जोडायची, बल्ब लावायचा. वायरीतून निळे ठिपके सरकायला लागतात. रोध वाढवला की ठिपके रेंगाळतात, बॅटरीचा व्होल्ट वाढवला की पळतात. खडूनं बाण काढून हे वीस वर्षं सांगितलं, पण बाण हलत नाही हो. हा हलला. पोरं गप्प झाली.

फार वेळ गप्प राहिली नाहीत. एकानं बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या वायरनं जोडली आणि बॅटरीनं पेट घेतला. पडद्यावर खऱ्यासारख्या ज्वाळा. झालं! त्यानंतर कुणालाच बल्ब लावायचा नव्हता, सगळ्यांना आगच लावायची होती. त्या सामानात एक कुत्रा आहे, एक हात आहे, पेन्सिल आहे, नाणं आहे. आमच्या पोरांनी कुत्रा जोडून बघितला. पंचेचाळीस मिनिटांच्या तासातली पंधरा मिनिटं अशी गेली. माझ्या जागी दुसरा असता तर टीव्ही बंद केला असता. मीही करणार होतो. तेवढ्यात मघाचा तो 'नववीचं हाय' म्हणणारा पोरगा उठला.

"सर, आमच्या घरात फ्यूज उडाला की बाबा जाडी तार घालत्यात. तांब्याची. म्हंजे मग उडत न्हाई."

"मग?"

"मग ह्ये पेटतंय तसं…" आणि तो थांबला.

वर्गात अजून चार-पाच जणांच्या घरी तीच जाड तार निघाली. त्या पोराचे बाबा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत जातात, आठवड्याला घरी येतात. त्या शनिवारी घरात काय बोलणं झालं मला माहीत नाही. सोमवारी पोरगा म्हणाला, "बारकी तार आणली, सर." एवढंच.

दुसऱ्या दिवशी खरे सेल, खरी वायर, टॉर्चचा बल्ब घेऊन बसवलं. पडद्यावर सटासट जोडणाऱ्या पोरांचा एकही बल्ब लागेना. कारण काय? वायरीचं प्लॅस्टिक सोललंच नव्हतं. पडद्यावरच्या वायरला ते नसतंच. सोलून दिलं तरी अर्ध्यांचे लागेनात, बोट निसटायचं, सेलला गंज. एक मुलगी वैतागून म्हणाली, "टीव्हीत बरं होतं." मी म्हटलं, टीव्हीत सगळ्यांचंच बरं असतं. पण तेव्हापासून माझा क्रम बदलला. आधी खरे सेल, धडपड, निसटलेली बोटं. टीव्ही मागून. आत काय चाललंय ते बघायचं असेल तेव्हाच. तसंही पावसात आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं तग धरते.

तर त्या 'नववीच्या' व्हिडिओवरचा उपाय. उपाय म्हणजे एक वही. लाँगबुक, दोनशे पानी, खानापुरात घेतलेली. प्रत्येक पानावर उभ्या चार रेघा. आपली इयत्ता आणि धडा, तिकडची इयत्ता आणि धडा, व्हिडिओ कुठल्या फाईलीत आहे, आणि कितव्या मिनिटापासून कितव्यापर्यंत दाखवायचा. 'आपली दहावी, वीज – तिकडची नववी, धाराविद्युत – सुरुवातीचा दीड मिनिट सोडणे, पाटी आहे.' शेवटच्या रेघेनंतर जागा उरते तिथं शेरे. 'हे सर फार पळतात.' 'आवाज बारीक, पाऊस असेल तर लावू नये.' 'कन्नड कोडचा चांगला, हाच दाखवणे.'

एचएम सर म्हणाले, "एवढं कॉम्प्युटरात का नाही करत?" केलं होतं. एक्सेलमध्ये केलं, फाईल ज्या लॅपटॉपात होती तो एका पावसाळ्यात ओलीनं गेला. वही कपाटात आहे. माझ्या रजेच्या दिवशी दुसरे सर ती उघडतात आणि तास घेतात. त्यांना पासवर्ड लागत नाही.

फोनच्या कीबोर्डवर माईकचं चित्र असतं, बोललं की मराठी उमटतं, तेही शिकवलं पोरांना. वर्णनाचं उत्तर लिहायला कंटाळणाऱ्यांना बरं पडेल म्हणून. पण ते यंत्र पुस्तकातली मराठी शिकलंय. पोरानं म्हटलं "वायर तापूल्या", तर उमटलं "वायर तापवल्या". वायर आपोआप तापते की कुणीतरी तापवते, यावरच तर आख्खा धडा आहे! पोरगा हट्टाला पेटला, फोनवर ओरडून ओरडून तेच वाक्य म्हणत राहिला, आणि शेवटी यंत्राला समजावं म्हणून 'वायर तापत आहे' असं बोलला. प्रमाण मराठीसाठी मी वर्षभर मागं लागून झालं नव्हतं ते त्या माईकनं पाच मिनिटांत करून घेतलं. मला आनंद व्हावा की वाईट वाटावं, कळेना.

आता नवीन प्रकार आलाय. प्रश्न टाकला की फोन आख्खं उत्तरच लिहून देतो. दिवाळीनंतर एकाची वही तपासली, उत्तर अगदी नेटकं. मी विचारलं, कुणी लिहिलं? तर रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, तुम्हाला कसं कळलं?" त्यानं 'तथापि' लिहिलं होतं. आमच्या गावात 'तथापि' मी ग्रामसभेतसुद्धा ऐकलेलं नाही. तेच उत्तर त्याला फोन न बघता, आपल्या भाषेत सांगायला लावलं. सांगितलं की त्यानं! 'तथापि'च्या जागी 'पण' घालून, आणि शेवटची ओळ चुकवून. ती चूक फोनची नव्हती, त्याची होती, म्हणून ती दुरुस्त करायला मलाही बरं वाटलं.

वहीत नववी-दहावीची पानं भरत आली आहेत. पुस्तकं बदलली की पहिल्या दोन रेघा पुन्हा भरायला लागणार, म्हणून तेवढं पेन्सिलनं लिहितो. निपाणीकडच्या एका मराठी शाळेतल्या बाईंनी पानांचे फोटो मागवून घेतले आणि तीन ठिकाणी माझी मिनिटं चुकलेली कळवली. दुरुस्त केली. आठवीचं विज्ञान मात्र अजून कोरं आहे. कुणी मराठी माध्यमाच्या मास्तरानं, बाईनं आठवीचे धडे असे जुळवले असतील तर पाठवा. पण फोटो पाठवा, व्हिडिओ नको. इथं उतरत नाही.