वसईचा गॅस हजीराला का गेला? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, मयताला, अर्नाळ्याच्या बंदरावर, कुठेही गाठ पडली की तुम्ही तेच विचारता. समुद्रातल्या त्या गॅसच्या क्षेत्राला नाव वसईचं, मग गॅस गुजरातला कसा गेला? आणि तू त्या गॅस शोधणाऱ्यांच्या बोटीवर होतास, तू गप्प का राहिलास? तोंडी सांगायला लागलो की दुसऱ्याच वाक्याला कोणीतरी मला तोडतं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मुंबई हाय 1974 साली सापडलं, दक्षिण वसई 1976 साली. हायमध्ये मुख्य माल तेल, गॅस त्याच्याबरोबर येतो. वसईत चुनखडकात मोकळा गॅसच, आणि भरपूर. पण सावर गॅस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड मिसळलेला. माणसाला विष आणि लोखंडाला खाणारा. तो साफ करायला किनाऱ्यावर मोठा प्रकल्प लागतो, आणि साफ झाल्यावर घेणारं गिऱ्हाईक लागतं. ऐंशीच्या दशकात दिल्लीला युरिया हवा होता. गॅसमधल्या मिथेनमधून हायड्रोजन काढायचा, त्याला हवेतला नायट्रोजन जोडून अमोनिया करायचा आणि अमोनियाचा युरिया. तो हवा होता उत्तरेतल्या शेतीला. म्हणून समुद्रतळावरून दोनशेहून जास्त किलोमीटर 36 इंची पाइप हजीराला गेला, आणि पुढे जमिनीवरून बिजयपूर, आंवला, जगदीशपूरच्या खत कारखान्यांपर्यंत. यात गुजरातने काही पळवलं नाही. महाराष्ट्राला काहीच मिळालं नाही, हेही खरं नाही. हायचा गॅस उरणला उतरला, त्यावर उरणची वीज आणि थळचा खत कारखाना चालला.

रॉयल्टी म्हणाल, तर राज्यघटनेचं 297 वं कलम बघा. समुद्राखालची संपत्ती केंद्राची. जमिनीवर विहीर लागली तर राज्याला रॉयल्टी मिळते, समुद्रात लागली तर नाही. हे मला पसंत आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही.

इथवरचं उत्तर मी मामालाही दिलं होतं. पण त्याचा प्रश्न वेगळ्या दिवशीचा आहे.

गॅस एकदा सापडला की शोध संपत नाही. आजूबाजूला आणखी काय आहे, ते पुन्हा पुन्हा पाहतात. जहाज पाण्यात दाबलेल्या हवेचे बार उडवतं, खालच्या खडकांच्या थरांवरून प्रतिध्वनी येतो आणि मागे ओढलेल्या काही किलोमीटर लांब केबलीतले कान तो टिपतात. हे काम उघाडीतच होतं. मासेमारीही उघाडीतच. मी त्या जहाजावर होतो तो कोळ्यांशी बोलता येतं म्हणून. वायरलेसवरून सांगायचं, बाबांनो, वाट मोकळी करा.

उधाणाचे दिवस होते. पुढे एक बोट दिसली, मी हाक दिली. उत्तर आलं ते मामाच्या आवाजात.

"पाणी थांबू दे रे. डोल आत्ता कशी उचलू?"

डोलीचं जाळं ओढीच्या पाण्यावर तोंड उघडून उभं असतं. ओढ असताना ते उपसता येत नाही. भरती-ओहोटीच्या मधे पाणी मंदावेल तेव्हाच हात घालायचा. ते मला लहानपणापासून ठाऊक. आणि जहाजही थांबवता येत नाही. थांबलं की केबल ढिली पडते, पिळा खाते, बुडते. तेही मला ठाऊक. कप्तानाला म्हटलं, वळा. वळायलाही मैलच्या मैल लागतात. मामाला म्हटलं, सोड. तो म्हणाला, "कोणाची बोट आहे ती, भाच्या? आणि कव कोणाची आहे?" कव म्हणजे समुद्रात डोल लावायची ठरलेली जागा. मग वायरलेस बंद झाला.

केबल जाळ्यातून गेली. भरपाईच्या अर्जात विचारलं होतं, जाळं त्या जागी होतं याचा पुरावा काय. मी पाहिलं होतं. पण मी जहाजाच्या बाजूचा, माझी साक्ष कोण घेणार? पैसे आले नाहीत.

तेव्हा मी देशहित म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं. त्या युरियावर पिकलेलं धान्य आपणही खाल्लंय. पण देशहिताचा हिशेब मांडताना पाइप, प्लॅटफॉर्म, प्रकल्प, सगळ्याचा खर्च धरला आणि मामाची कव धरली नाही. ती कोणत्या रकान्यात घालायची, हेच कोणाला माहीत नव्हतं. तरी हजीराचा निर्णय चुकीचा होता, असं मी आजही म्हणणार नाही. तुमच्या आग्रहाखातर तर नाहीच.

गेल्या शिमग्याला मामाला हेच सांगितलं: गॅस गेला त्याचं दुःख नको, भरपाई त्या खर्चात धरायला हवी होती. तो म्हणाला, त्याला भरपाई नकोच होती. पाणी थांबेपर्यंत थांबायला हवं होतं, इतकंच. आणि जहाज थांबू शकत नाही, हे त्याने अजूनही मानलेलं नाही.