११३ नंबरचा रस्ता

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधल्या टेरेस नावाच्या गावाहून ११३ नंबरच्या हायवेने उत्तरेला निघालो तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि तासाभराने झाडं एकदम संपली, दोन्ही बाजूंना नुसता काळा लाव्हा, आणि त्यावर आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांचा करडा-हिरवा थर. साधारण अडीचशे वर्षांपूर्वी त्सीॲक्स ज्वालामुखी फुटला, गावंच्या गावं गाडली गेली, इथल्या मूळच्या निस्गा'अ लोकांमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगतात की २००० माणसं गेली. पोरांनी साल्मन माशांच्या पाठीत जळत्या काटक्या खुपसल्या म्हणून डोंगर कोपला, अशी त्यांची कथा आहे. मी दगडावर चढून फोटो काढणार होतो, नाही चढलो. खाली त्यांची माणसं आहेत.

मी आधी साधं 'निस्गा' म्हणायचो. न्यू अय्यान्श या त्यांच्या गावात एका आजींनी थांबवलं आणि तीनदा म्हणून दाखवलं, 'गा' झाल्यावर गळ्यात श्वास क्षणभर अडवायचा आणि मग 'अ' सोडायचा. नावातली ती छोटी खूण म्हणजे हा अडवलेला श्वास! त्यांची भाषा शेजारच्या गित्क्सान लोकांच्या भाषेची सख्खी बहीण, पण अस्खलित बोलणारे आता बहुतेक म्हातारेच उरलेत, म्हणून मुलांना शाळेत शिकवतात. नदीचं नकाशावरचं नास हे नावही शेजारच्या त्लिंगित लोकांचं, निस्गा'अ तिला लिसिम्स म्हणतात, म्हणजे गढूळ, आणि खरंच गढूळ आहे हो.

रस्त्याचा नंबर मात्र मनात घर करून बसलाय. १८८७ ला इथले प्रमुख आपल्या जमिनीचा हक्क मागायला प्रांताच्या राजधानीला, व्हिक्टोरियाला गेले, तिथून त्यांना परत पाठवलं. मग त्यांचे नेते फ्रँक काल्डर कोर्टात गेले, १९७३ ला सुप्रीम कोर्टात केस तांत्रिक मुद्द्यावर हरले पण सरकारला बोलणीला बसावं लागलं, आणि सरकारशी जमिनीचा करार लागू झाला २००० साली. मधली वर्षं मोजा, ११३. तोच हायवेचा नंबर!

लाख्गाल्ट्साप या निस्गा'अ गावातल्या म्युझियममध्ये एक उंच कोरीव खांब आहे. १९२९ ला कुटुंबाला न विचारता नेला, पुढे एडिनबरोच्या म्युझियममध्ये राहिला, २०२३ ला घरी आला. ते त्याला वस्तू म्हणत नाहीत, पूर्वज म्हणतात. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभा होतो, चपला काढाव्यात असं वाटत होतं. निघताना 'तो'याक्सी नीन' म्हणालो, म्हणजे धन्यवाद, आणि काउंटरवरच्या मुलीने उच्चार एकदा दुरुस्त करून दिला.