कोण गेलं?

काल जागून कॉलिन डेक्स्टरचं इन्स्पेक्टर मोर्स या डिटेक्टिव्हवरचं शेवटचं पुस्तक 'द रिमोर्सफुल डे' (1999) संपवलं आणि आज सुट्टी म्हणून लगेच त्यावरचा 2000 सालचा टीव्ही एपिसोड लावला, शेवट माहीत होता तरी ऑक्सफर्डच्या त्या एक्झिटर कॉलेजच्या हिरवळीवर मोर्स कोसळला आणि माझ्या हातातला चहा गार झाला. पुस्तकात डायबेटीस, दारू वाचून मनाची तयारी होते, पण टीव्हीवर मोर्स झालेल्या जॉन थॉचा तो थकलेला चेहरा! मोर्सचा सार्जंट लुईस पुस्तकात मोर्सच्याच वयाचा, वेल्सचा. टीव्हीवाला लुईस, म्हणजे केव्हिन व्हेटली, अगदी पोरगेला, म्हणून (माझं मत हं) इथे जास्त लागतं. तो गेलेल्या मोर्सच्या कपाळावर ओठ टेकवून 'गुडबाय सर' म्हणतो तिथे पॉजच केलं. आई बाहेर आली, "कोण गेलं गं?"