बारशिंगा, ठिपके आणि जनगढ

माझ्या चित्रातल्या बारशिंग्याचं अंग गेरूच्या रंगानं सपाट भरून झालं. आता आतलं भरण सुरू आहे: मानेवरून पाठीकडे उतरणाऱ्या ठिपक्यांच्या ओळी आणि त्यांच्या कडेनं कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा. शिंगं अजून कोरीच आहेत. ती मुद्दाम शेवटी ठेवली, कारण गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांच्या हरणांची खरी मजा शिंगांतच असते. त्यांना फांद्या फुटतात, फांद्यांवर पाखरं बसतात, आणि जनावर कुठं संपलं नि जंगल कुठं सुरू झालं हे सांगता येत नाही.

‘गोंड पेंटिंग’ म्हणून जे सगळीकडे मिळतं ते या वेळी बाजूला ठेवलं आणि फक्त जनगढ यांची चित्रं समोर घेतली. बाजारातल्या नमुन्यांत भरण इंचन् इंच सारखं असतं. जनगढ यांच्या ऐंशीच्या दशकातल्या चित्रांत आकृतीभोवती कागद मोकळा सोडलेला दिसतो, रंग सरळ बाटलीतले, भडक, आणि ठिपके मध्येच दाट, मध्येच विरळ. तेवढ्यानं प्राणी हलतोय असं वाटतं.

जनगढ मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे, जन्म १९६२ च्या आसपासचा. गाव तेव्हा मंडला जिल्ह्यात होतं, आता दिंडोरीत. घराणं परधानांचं. गोंड यजमानांच्या दारी बाना हे तंतुवाद्य वाजवत बडादेवाची, म्हणजे गोंडांच्या मोठ्या देवाची, आणि गोंड राजांची गाणी गायची, हे परधानांचं पिढीजात काम. (आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, किनवट भागातही परधान आहेत, त्यांचं वाद्य किंगरी.) १९८१ च्या सुमारास चित्रकार ज. स्वामिनाथन भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी गावोगावचे कलाकार शोधत होते. त्यांनी पाठवलेल्या मंडळींना पाटनगढच्या भिंतीवर या विशीतल्या मुलाचं चित्र दिसलं. गावात माती, गेरू, कोळसा; भोपाळला पहिल्यांदा पोस्टर कलर हाती आले. त्या झगझगीत रंगात ब्रश बुडवला तेव्हा अंगातून शिरशिरी गेली, असं ते पुढे सांगत. १९८६ मध्ये मध्य प्रदेशाचा शिखर सन्मान, १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरचं प्रदर्शन, मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या भोपाळच्या विधान भवनात भित्तिचित्रं.

मला सगळ्यात मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. बडादेव साजाच्या झाडात वसतो, म्हणजे आपल्या ऐनात. त्याला चेहरा नव्हता, तो गाण्यात होता. गाण्यातल्या अशा देवांना जनगढ यांनी कागदावर रूप दिलं. या शैलीला ‘जनगढ कलम’ हे नाव देणारे हिंदी लेखक उदयन वाजपेयी तिचं नातं परधानांच्या संगीताशी जोडतात. मला ते मनापासून पटतं, म्हणून ठिपक्यांना नक्षी म्हणणं मी सोडलं आहे, मला त्यांत गाण्याची लय दिसते.

हातालाही त्याचा उपयोग होतो. शून्य नंबरचा ब्रश एकदा रंगात बुडवायचा आणि रंग संपेपर्यंत ठिपके देत जायचं. ते मोठ्यापासून बारीक होत जातात. ती उतरण तशीच राहू द्यायची, पुन्हा गिरवायची नाही. पोस्टर कलर जरा दाट हवा, म्हणजे ठिपका गोल बसतो. पातळ झाला की हॅण्डमेड कागदात पसरतो. खालचा थर पूर्ण वाळू द्या, नाहीतर पांढऱ्यात गेरू मिसळतो. रेघा अंगाच्या वळणानं: मानेवर उतरत्या, पोटाशी वळत्या, मांडीवर गोल फिरणाऱ्या.

२००१ मध्ये जपानमधल्या मिथिला म्युझियमसाठी तिथं राहून काम करताना जनगढ गेले. चाळिशीही गाठली नव्हती. इतकी विलक्षण नजर इतक्या लवकर गेली, याचं प्रत्येक चित्रापाशी वाईट वाटतं. पण ज्यांना त्यांनी भोपाळला बोलावून हाती ब्रश दिला ते थांबले नाहीत. पत्नी नानकुसिया श्याम, नात्यातले भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम, सगळ्यांची चित्रं वेगवेगळी ओळखू येतात, कारण प्रत्येकाचं भरण स्वतःचं आहे. भज्जू यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणूनच शिंगांवर जनगढ यांचे ठिपके उतरवणार नाही. आमच्या शेतातल्या ज्वारीच्या कणसाचे दाणे कसे एकाला एक चिकटून बसतात, ते वहीत काढून बघतेय. दोन दाण्यांमधली फट काळी ठेवली तर ओळ छान उठते. पुढच्या नोंदीत शिंगांचा फोटो टाकते. दाण्याचा आकार ब्रशच्या एकाच टेकवणीत कुणाला जमत असेल तर नक्की सांगा.