चुकीचं वीजबिल आणि 'आधी पूर्ण भरा' म्हणणारी खिडकी

चुकीचं बिल आज ना उद्या दुरुस्त होतं. पण तोवर घरातली वीज टिकवायची कशी, हा खरा प्रश्न असतो आणि माझी सगळी दमछाक तिथेच झाली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चूक अगदी साधी होती. रीडिंग घेणाऱ्याने काढलेल्या फोटोत मीटरच्या काचेवर उजेड पडला होता, त्यामुळे हजाराच्या जागेवरचा ० हा ८ म्हणून नोंदवला गेला. १०,४१२ चं झालं १८,४१२. दोन खोल्यांच्या घराला एका महिन्यात ८ हजार युनिट जादा! फोटो मोबाईलवर मोठा करून पाहिला की आकड्याच्या मधली आडवी रेघ नाही, हे कुणालाही दिसत होतं. ऑनलाइन तक्रार केली, नंबर मिळाला, अभियंता येऊन स्थळपाहणी करून गेले. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते बिल भरण्याच्या खिडकीवर. दुरुस्तीचा प्रस्ताव 'वर' गेलेला, भरण्याची मुदत संपलेली आणि हातात वीज तोडण्याची नोटीस. मी म्हणाले, नेहमी येतं तेवढं बिल आज घ्या, बाकीचं वादातलं आहे. उत्तर आलं, "मॅडम, सिस्टीम अर्धी रक्कम घेतच नाही. आधी पूर्ण भरा, नंतर पुढच्या बिलात वळती होईल." म्हणजे मी न वापरलेल्या विजेचे पैसे आधी उभे करायचे आणि मग कित्येक महिने ते बिलातून फिटण्याची वाट पाहायची. ज्याच्या घरी तेवढी शिल्लकच नाही, त्याने काय करायचं? माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या आजींनाही हेच सांगितलं गेलं आणि त्या मुकाट्याने परत गेल्या. त्याचा राग मला अजूनही येतो.

कारण कायदा याच्या नेमका उलट आहे. विद्युत कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अपवादाच्या तरतुदीत, म्हटलं आहे की ग्राहकाने निषेध नोंदवून एकतर मागितलेली रक्कम किंवा मागच्या ६ महिन्यांच्या सरासरीने दरमहा येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. कमी असेल ती! खिडकीवरच्या माणसाला हे माहीत नव्हतं, आणि तोंडी सांगून तो ऐकेना.

शेवटी मी पत्र लिहिलं. त्यात मागच्या सहा बिलांच्या रकमा एकाखाली एक मांडल्या, सरासरी काढली, परंतुकाचा मजकूर उतरवला आणि वर ठळक अक्षरात 'अंडर प्रोटेस्ट' लिहिलं. आवक विभागात आधी "ठेवून जा" म्हणाले. ठेवून अजिबात येऊ नका. आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. ती शिक्क्याची प्रत घेऊन मी उपकार्यकारी अभियंत्यांपुढे बसले. त्यांनी दोनदा वाचलं आणि समासात लिहिलं, 'सरासरीप्रमाणे रक्कम स्वीकारावी.' त्या एका ओळीनंतर तीच खिडकी, तीच सिस्टीम, आणि पैसे घेतले गेले. पावती हातात आली तेव्हा मला खरंच हलकं वाटलं. तरीही कुणी घेत नसेल, तर पत्रासोबत चेक स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा आणि वीज तक्रारींसाठीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे अंतरिम आदेश मागा. मंचापुढे स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. तिथेही न्याय मिळाला नाही, तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. आपल्याकडे त्यांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत.

मध्येच राहिलेली एक गोष्ट. मला सुरुवातीला मीटर तपासणीचा अर्ज भरायला सांगत होते. मी भरला नाही. मीटर बरोबर होता, चुकलं होतं रीडिंग. तपासणीच्या वाटेला लागलात की मीटर प्रयोगशाळेत आणि तुम्ही ताटकळत. मीटरवरच संशय असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ग्राहक हक्क नियमांतली २०२४ ची दुरुस्ती दाखवा: तक्रारीपासून ५ दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवून किमान ३ महिने वापर पडताळायचा, असं त्यात आहे.

कायदा सगळीकडे इतका भक्कम नाही. कलम ५६(२) मध्ये दोन वर्षांची मर्यादा आहे, म्हणून जुनी वसुली आपोआप बुडते असं अनेकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अजमेरच्या वीज कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की कंपनीची चूक नंतर उघडकीस आली तर दोन वर्षांनंतरही जादा मागणी करता येते, फक्त त्यासाठी वीज तोडता येत नाही. माझ्या मते संसदेने इथे स्पष्ट रेघ ओढायला हवी. चूक कंपनीची असेल, तर मागे किती वर्षं जाता येईल हे कायद्यातच लिहिलेलं असावं.

दुरुस्त बिल आलं की लगेच फाईल बंद करू नका. चुकीच्या रकमेवर लागलेलं व्याज आणि विलंब आकार वजा झालेत का, ते पाहा. दुरुस्ती होण्याआधीच पुढचं रीडिंग घेतलं गेलं, तर ते मागच्यापेक्षा कमी दिसतं आणि सरासरीचं बिल येतं, तेही तपासा. आणि वापराच्या नोंदीतून ते ८ हजार युनिट खरोखर काढलेत का, हे लेखी विचारा. सुरक्षा ठेव वर्षभराच्या सरासरी बिलावर ठरते. आकडा तसाच राहिला, तर पुढच्या वर्षी जादा ठेवीचं वेगळं बिल येईल आणि तीच खिडकी पुन्हा गाठावी लागेल.